उघडण्यासाठी बांधलेली भट्टी

कुंभाराचा आवा पेटला की तो निवेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. विजेच्या किंवा गॅसच्या भट्टीतही भाजणी संपल्यावर रात्रभर झाकण बंदच ठेवतात, कारण तापलेल्या भांड्याला गार वारा लागला तर ते फुटते. राकू पद्धतीत मात्र आतली भांडी लालभडक तापलेली असताना भट्टी उघडायची असते. भांडे चिमट्याने उचलायचे, भुशात ठेवायचे आणि वरून झाकण लावायचे. या एका गरजेमुळे भट्टीचा आकार, वजन, अस्तर, माती, झिलई हे सारेच वेगळे होते. भट्टीला फार वेळ ऊब धरून ठेवावी लागत नाही, म्हणून तिला जाड भिंती लागत नाहीत आणि ती घरच्या अंगणात दोन-तीन दिवसांत बांधता येते.

या पद्धतीचा उगम सोळाव्या शतकातल्या क्योतोमध्ये आहे. चहाविधीचा थोर आचार्य सेन नो रिक्यू (1522–1591) याला झगमगाट नसलेली, हातात शांतपणे बसणारी चहाची वाटी हवी होती. त्याच्यासाठी 1580च्या दशकात चोजिरो नावाच्या कारागिराने अशा वाट्या घडवल्या. त्या चाकावर न फिरवता हाताने आकार देऊन आणि पात्याने कोरून केलेल्या होत्या. चोजिरोच्या वारसांचे घराणे राकू या नावाने ओळखले जाऊ लागले. क्योतोत आजही तेच काम चालते. 2019 साली सोळाव्या पिढीने सूत्रे हाती घेतली. त्यांच्याकडे काळ्या वाट्या लहानशा भट्टीत कोळशावर, भात्याने वारा घालून, एकेक करून भाजल्या जातात. झिलई वितळली की वाटी चिमट्याने बाहेर काढतात आणि उघड्या हवेत निवू देतात. तिथे भुसा नसतो आणि धूरही नसतो.

भुसा आणि धूर यांची भर अमेरिकेत पडली. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच याने 1911 साली टोकियोतल्या एका मेळाव्यात राकू भाजणी पहिल्यांदा पाहिली. स्वतः रंगवलेले भांडे थोड्याच वेळात भट्टीतून बाहेर आलेले पाहून त्याने हीच कला शिकायचे ठरवले. त्याच्या 1940 सालच्या ‘अ पॉटर्स बुक’ या ग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. ते वाचून कॅलिफोर्नियातल्या पॉल सोल्डनर याने 1960 साली एक भट्टी उभारली. नुसत्या हवेत निवलेली भांडी त्याला फिकी वाटली, म्हणून त्याने एक तापलेले भांडे जवळच पडलेल्या झाडाच्या पाल्यात घोळवले. पाला पेटला, धूर भांड्यात मुरला आणि मातीवर काळेकरडे ठसे उमटले. आज जगभरच्या हौशी कुंभारांच्या अंगणात जी भाजणी होते ती याच वाटेने आलेली आहे. पुढे वर्णन केलेली भट्टीही त्याच जातीची आहे.

घरगुती राकू भट्टीचे अनेक प्रकार आहेत. नुसत्या विटा रचून, कोळसा आणि भाता वापरूनही ती होते. लाकडावर चालणारीही होते. पण विटांची भट्टी तापायला वेळ लागतो, कारण भांड्यांच्या आधी विटाच उष्णता पिऊन घेतात. शिवाय ती उघडताना तापलेले दार किंवा झाकण सरकवावे लागते आणि चिमटा आत घालून आंधळेपणाने भांडी काढावी लागतात. म्हणून नवख्या माणसासाठी उचलून बाजूला ठेवता येईल अशी ‘टोपी’ची भट्टी सर्वांत सोयीची. विटांच्या ओट्यावर भांडी मांडायची आणि वरून अस्तर लावलेले पिंप उपडे ठेवायचे, एवढीच तिची रचना. टोपी उचलली की सगळी भांडी चारी बाजूंनी मोकळी होतात.

टोपीसाठी 200 लिटरचे लोखंडी पिंप घेतात. ते साधारण 57 सेंटिमीटर व्यासाचे आणि 88 सेंटिमीटर उंचीचे असते. तळापासून 60 सेंटिमीटरवर ते आडवे कापले आणि उपडे केले की पिंपाचा तळ हे भट्टीचे छत होते. कापण्यापूर्वी एका गोष्टीबद्दल फार दक्ष राहावे लागते. पिंपात पूर्वी पेट्रोल, थिनर किंवा असला कोणताही ज्वालाग्राही द्रव असेल, तर रिकाम्या दिसणाऱ्या पिंपातही त्याची वाफ उरते आणि ग्राइंडरच्या ठिणगीने स्फोट होतो. म्हणून पिंपात आधी काय होते याची खात्री हवी. ती नसेल तर ते पिंप घेऊच नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही टाळावा, कारण तापल्यावर त्यातून निघणारा जस्ताचा धूर अंगाला बाधतो. बाहेरचा रंग आधीच जाळून किंवा खरवडून काढावा. पिंपाऐवजी जाड तारेच्या वेल्डमेश जाळीचे नळकांडे करूनही टोपी होते. ती आणखी हलकी असते, पण तिचे अस्तर बाहेरूनही उघडे राहते आणि लवकर फाटते.

भट्टीतला खरा कसबाचा भाग म्हणजे अस्तर. त्यासाठी सिरॅमिक फायबरचे ब्लँकेट वापरतात. बाजारात ते 25 मिलिमीटर जाडीच्या गुंडाळीत मिळते. गुंडाळीची रुंदी 61 सेंटिमीटर आणि लांबी सुमारे 7.3 मीटर असते. सहसा 1260 अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे, एका घनमीटरला 128 किलो घनतेचे ब्लँकेट घेतात. राकूला हजार अंशांच्या आसपासच तापमान लागते, त्यामुळे हे पुरेसे असते. 25 मिलिमीटरचे दोन थर दिले की आतला व्यास साधारण 47 सेंटिमीटर उरतो. एका थरानेही भट्टी चालते, पण पत्रा बाहेरून फार तापतो आणि गॅस जास्त जळतो. दुसऱ्या थराचा खर्च दहा-बारा भाजण्यांतच वसूल झाल्यासारखा वाटतो.

आधी छताच्या आतून ब्लँकेटच्या दोन चकत्या बसवायच्या. मग भिंतीला पहिला पट्टा सुमारे 180 सेंटिमीटर लांबीचा आणि त्याच्या आत दुसरा थोडा आखूड लावायचा. दोन्ही पट्टे मापापेक्षा एक-दोन सेंटिमीटर लांब कापले तर ते एकमेकांना रेटून घट्ट बसतात. दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर नेमकी तिथूनच आग बाहेर डोकावते. भिंतीचा पट्टा पिंपाच्या कडेखाली सेंटिमीटरभर लोंबता ठेवावा. ओट्यावर टोपी टेकली की तो दबतो आणि फट बुजते.

ब्लँकेट जागेवर धरून ठेवण्यासाठी मातीची बटणे करतात. चार-पाच सेंटिमीटर व्यासाची, दोन भोके असलेली चकती राकूच्याच मातीतून घडवून आधी भाजून घ्यायची. तिच्या भोकांतून कँथलची किंवा नायक्रोमची तार ओवून ती अस्तरातून आणि पत्र्यातल्या छिद्रांतून बाहेर काढायची आणि बाहेर पिळून टाकायची. साधी लोखंडी तार काही भाजण्यांतच कुजते आणि छताचे अस्तर भांड्यांवर कोसळते. छताला पाच-सहा आणि भिंतीला दोन ओळींत बारा-चौदा बटणे पुरतात. बटणे फार घट्ट आवळू नयेत. ब्लँकेट दबले की त्यातली अडकलेली हवा जाते, आणि उष्णता अडवण्याचे काम तर ती हवाच करते.

हे काम करताना नाकातोंडावर चांगला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे अनिवार्य आहेत. ब्लँकेटचे तंतू इतके बारीक असतात की ते श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा तंतूंना माणसात कर्करोग घडवू शकण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवले आहे. कापताना धारदार पाते वापरावे, करवत नाही. सांडलेले तुकडे कोरड्या झाडूने झाडू नयेत. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने उचलावेत. शरीरात विरघळून जाणारे, कमी धोक्याचे फायबरही मिळते. ते सुमारे 1200 अंशांपर्यंत चालते आणि राकूला तेवढे भरपूर होते, म्हणून मिळाल्यास तेच घ्यावे. अस्तर बसल्यावर त्यावर कोलॉइडल सिलिकाचा द्रव फवारला की पृष्ठभाग कडक होतो आणि तंतू उडत नाहीत.

छताच्या मध्यभागी 12 ते 15 सेंटिमीटर व्यासाचे भोक ठेवतात. त्यातून जळालेला वायू बाहेर जातो, आणि आतली भांडीही त्यातूनच दिसतात. भट्टीत भांडी ज्यावर मांडतात तसल्या फळीचा, अर्धवट सरकवता येईल असा तुकडा भोकावर ठेवला की आतला दाब कमीजास्त करता येतो. पिंपाच्या खालच्या कडेला साधारण 10 सेंटिमीटर रुंदीची खाच कापायची, ती बर्नरसाठी. खाच कडेलाच असल्यामुळे टोपी उचलताना बर्नर हलवावा लागत नाही. टोपीला दोन बाजूंना लांब कड्या जोडायच्या आणि त्यांना लाकडी मुठी बसवायच्या. पत्रा आणि अस्तर मिळून टोपीचे वजन 20 ते 25 किलोंच्या आसपास होते. दोन माणसे ती सहज उचलतात. एकट्याने काम करायचे असेल तर लोखंडी चौकट, कप्पी आणि दुसऱ्या टोकाला समतोल वजन लावतात.

ओटा जमिनीवर उष्णतारोधक विटांचा रचतात. या विटा 230 × 115 × 75 मिलिमीटर मापाच्या, वजनाला हलक्या आणि हातकरवतीने कापता येतील इतक्या मऊ असतात. खाली सिमेंटची फरशी असेल तर विटांचे दोन थर द्यावेत, कारण तापलेल्या काँक्रीटमधले पाणी वाफ होऊन कपच्या उडतात. ओट्यावर विटेचे तीन तुकडे उभे करून त्यांवर भट्टीची गोल फळी ठेवतात. फळीचा व्यास 36 ते 38 सेंटिमीटरच ठेवावा. भिंत आणि फळी यांच्यात चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा सोडली नाही तर ज्वाला फळीखालीच कोंडते, आणि तळाशी झिलई वितळलेली असताना वर कोरडीच राहते. बर्नरची ज्वाला फळीखालून, भिंतीच्या कडेकडेने शिरली पाहिजे. ती गरगर फिरत वर चढते आणि कुठल्याही भांड्यावर थेट आदळत नाही.

इंधन म्हणून एलपीजी सर्वांत सोपा. जोडणी हवा ओढून घेणाऱ्या व्हेंचुरी बर्नरची असते. बारीक छिद्रातून वेगाने सुटलेला गॅस आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढतो, त्यामुळे पंखा लागत नाही. स्वयंपाकघरातला साधा रेग्युलेटर इथे पुरत नाही. दाब कमीजास्त करता येणारा, मापक लावलेला उच्च दाबाचा रेग्युलेटर लागतो. स्वयंपाकाचा 14.2 किलोंचा सिलिंडर घरगुती वापरासाठीच असतो, तेव्हा 19 किलोंचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. तसाही लहान सिलिंडर या कामाला कमी पडतो. गॅस झपाट्याने काढला की आतल्या द्रवाची वाफ होताना सिलिंडर गार पडतो, बाहेर दव आणि मग बर्फ साचते आणि दाब उतरतो. अशा वेळी सिलिंडर तापवण्याचा विचारही मनात आणू नये. दोन सिलिंडर एकत्र जोडणे हाच उपाय. सिलिंडर नेहमी उभा आणि भट्टीपासून किमान तीन मीटर लांब ठेवायचा. ज्वाला विझल्याबरोबर गॅस आपोआप बंद करणारी झडप बर्नरला असली तर फार उत्तम. नसेल तर ज्वाला विझताच गॅस बंद करून, टोपी काही मिनिटे मोकळी राहू देऊन मगच पुन्हा काडी लावायची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खळग्यात साचून राहतो, म्हणून भट्टी खड्ड्यात किंवा तळघरात कधीच बांधत नाहीत.

जागा उघड्यावर हवी, झाडांच्या फांद्यांखाली नको. सोसायटीची गच्ची किंवा बाल्कनी या कामाला मुळीच योग्य नाही. शेतातले खळे, फार्महाउसचे अंगण, कार्यशाळेमागची मोकळी जागा अशी ठिकाणे चालतात. पाण्याचा नळ, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक हाताशी असावेत. पावसाळ्यात ओट्याच्या विटा पाणी पितात; त्या कोरड्या केल्याशिवाय जोराची भाजणी करू नये.

भट्टी चांगली असून माती चुकली तर सारे वाया जाते. हजार अंशांवरून एकदम हवेत आलेल्या भांड्याच्या बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला मागाहून. शिवाय मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांचे आकारमान 573 अंशांच्या आसपास अचानक बदलते. हा ताण सहन करायचा तर मातीचे पोत मोकळे हवे. म्हणून राकूच्या मातीत भाजून दळलेल्या मातीची भरड, म्हणजे ग्रॉग, 20 ते 30 टक्के मिसळतात. महाराष्ट्रातले कुंभार मातीत घोड्याची लीद आणि राख कालवतात, त्यामागेही हीच समज आहे: लीद जळून गेली की बारीक पोकळ्या राहतात आणि आव्यातला अचानक चढउतार भांडे सोसते. राकूच्या भांड्याची जाडी सगळीकडे सारखी हवी. रुंद, सपाट ताटल्या सर्वांत आधी तडकतात. घडवलेले भांडे पूर्ण वाळवून 900 ते 1000 अंशांवर एकदा भाजून घेतात आणि मगच झिलई लावतात.

झिलई कमी तापमानात वितळणारी असते. तिचा मुख्य घटक बोरॉनयुक्त फ्रिट, म्हणजे वितळवून दळलेली काच, आणि त्याबरोबर थोडी चिनी माती. जुन्या काळी शिसे वापरीत. ते विषारी आहे आणि आता त्याची गरजही नाही. पारदर्शक किंवा पांढऱ्या झिलईत तड्यांचे जाळे शोभून दिसते. तांब्याचा ऑक्साइड किंवा कार्बोनेट काही टक्के घातला की हिरवा, निळसर, लाल, तांबूस धातूसारखा असे कोणतेही रंग निघू शकतात. त्यातला कुठला निघणार हे धुरावर ठरते. झिलई लावलेले भांडे भट्टीत जाताना पूर्ण कोरडे हवे. ओलावा राहिला तर वाफेने झिलई उडते, कधी भांडेच फुटते.

भाजणीची सुरुवात मंद ज्वालेने करतात. पहिली पंधरा-वीस मिनिटे भांडी नुसती ऊब घेतात, मग दाब हळूहळू वाढवत 600 अंश ओलांडायचे. त्यापुढे घाई चालते. तापमान मोजायला के प्रकारचा थर्मोकपल आणि डिजिटल मापक लावतात. पण राकूत अखेरचा निर्णय डोळ्यांनीच होतो. आतले रंग गडद लालापासून केशरी होत जातात. साधारण 900 अंशांवर झिलई साखरेच्या पाकासारखी फसफसू लागते. बुडबुडे फुटून पृष्ठभाग सपाट आणि ओलसर चकचकीत दिसला, त्यात ज्वालेचे प्रतिबिंब पडले, म्हणजे ती पिकली. हे बहुधा 950 ते 1000 अंशांच्या दरम्यान होते. छताच्या भोकातून पाहताना चेहरा थेट वर नेऊ नये आणि वेल्डिंगच्या फिकट काचेचा चष्मा घालावा. पहिल्या भाजणीला तास-सव्वा तास लागतो. भट्टी तापलेली असल्याने पुढच्या फेऱ्या अर्ध्या तासात आटोपतात.

भट्टी उघडण्याची रंगीत तालीम थंड भट्टीवर करणे हा अनुभवी लोकांचा सर्वांत मोलाचा सल्ला आहे. टोपी कुणी उचलायची, कुठे ठेवायची, चिमटा कुणाच्या हातात, कोणते भांडे आधी आणि झाकण कोण लावणार, हे आधी ठरलेले असावे. अंगावर सुती कपडे, पायांत चामडी बूट, कोपरापर्यंत चामडी हातमोजे. कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. चिमटा 75 ते 90 सेंटिमीटर लांब हवा. गॅस पूर्ण बंद करून मगच टोपी उचलायची.

शेजारी पत्र्याचा झाकणाचा डबा तयार असतो. त्यात लाकडाचा भुसा, वाळलेली पाने, रद्दी किंवा भाताचे तूस पसरलेले असते. प्लायवूडचा भुसा नको, कारण त्यातल्या डिंकाचा धूर घातक असतो. भांडे आत गेले की भुसा भडकतो, आणि झाकण लावताच आतला ऑक्सिजन संपतो. भुकेली आग मग झिलईतल्या तांब्याच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन ओढून घेते आणि हिरव्याचे लाल किंवा तांबूस होते. जिथे झिलई नाही तिथे मोकळ्या पोताच्या मातीत कार्बन मुरतो आणि ती काळी कुळकुळीत होते. उत्तर प्रदेशातल्या निजामाबादची प्रसिद्ध काळी भांडीही बंदिस्त धुरातच काळी होतात. तड्यांचे जाळे हवे असेल तर भांडे भुशात टाकण्याआधी काही सेकंद हवेत धरतात. झिलई मातीपेक्षा जास्त आकसते आणि टणटण आवाज करत तडकते. मग धूर त्या रेषांत शिरून त्या काळ्या करतो. तांब्याचा धातुरंग हवा असेल तर मात्र एक क्षणही दवडायचा नाही.

झाकणाच्या कडेला ओली वाळू दाबली की डबा नीट बंद होतो. वीस-तीस मिनिटे तो उघडू नये. लवकर उघडला तर कोंडलेला तप्त वायू हवा मिळताच भडकतो, आणि रंगही पुन्हा ऑक्सिजन घेऊन फिके पडतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे. काही जण भांडे काढल्यावर पाण्यात बुडवून रंग पक्का करू पाहतात. ते वेगाने निवते खरे, पण तडकण्याची शक्यताही तेवढीच वाढते. शेवटी काजळी घासून काढली की खरे रंग दिसतात. तांब्याची चमक काही महिन्यांत किंवा वर्षांत हवेमुळे मंदावते, त्यामुळे उजेड आणि दमट हवा टाळून भांडे ठेवावे.

धुरात भाजलेली राकूची भांडी स्वयंपाकासाठी किंवा पाणी साठवण्यासाठी वापरू नयेत. त्यांची माती सच्छिद्रच राहते, झिलईत तडे असतात आणि तांबे अन्नात उतरू शकते. ती शोभेसाठी, सुक्या फुलांसाठी ठेवावीत.

काम संपल्यावर टोपी पूर्ण निवल्याशिवाय झाकायची नाही, आणि निवल्यावर पावसापासून झाकल्याशिवाय सोडायची नाही. ओल्या अस्तराला पुढच्या भाजणीत फुगे येतात. फळीवर झिलईचे थेंब चिकटू नयेत म्हणून तिच्यावर अॅल्युमिना आणि चिनी मातीचा लेप देतात आणि थेंब पडलेच तर ते छिन्नीने काढतात. अस्तराला छोटे छेद पडले तर ब्लँकेटचा तुकडा खोचून दुरुस्ती होते. मात्र जुने अस्तर काढताना नव्यापेक्षा जास्त काळजी हवी, कारण पुन्हापुन्हा तापलेल्या तंतूंचा काही भाग क्रिस्टोबलाइट या सिलिकाच्या घातक रूपात बदललेला असतो. ते ओले करून, मास्क लावून काढावे, जाड पिशवीत दुहेरी बांधावे आणि घरच्या कचऱ्यात न टाकता औद्योगिक कचरा उचलणाऱ्यांकडे द्यावे. ओट्याच्या विटा मात्र चिरल्या नसतील तर वर्षानुवर्षे चालतात, आणि पिंपाच्या पत्र्याला गंज चढेपर्यंत तीच टोपी नवे अस्तर लावून पुन्हा उभी राहते.